सासुरवाडीच्या पोत्यांनी बसलेली गाडी

मंडळी, आज उस्मानपुऱ्यात गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदलल्या. बिचारी प्रत्येक गतिरोधकाला साष्टांग नमस्कार घालत होती.

मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "साब, ये कार हय, टेम्पो नइ. वजन कम करो, नइ तो ये भी बैठ जाते."

वजन म्हणजे कन्नडला गेलो की सासरे प्रेमाने डिकीत कोंबतात ती ज्वारी-गव्हाची पोती. खाणारे आम्ही दोघंच. धीर एकवटून त्यांना फोन लावला.

"मामा, आता पोती नकोत. गाडी बसतीय."

"जावई रिकाम्या गाडीनं गेला, तर गल्लीत काय तोंड दावू?"

मी नमतं घेतलं. "मग एकच द्या."

"व्हय की! अन् शेंगा येगळ्या."

सासऱ्यांना 'नको' म्हणून तग धरलेला एखादा जावई तुमच्या पाहण्यात आहे का? असल्यास कळवा, दर्शनाला येतो.