चाकवत की चकोता

आईने पाठवलेली शेवटची पुरचुंडी मी दोन वर्षं फ्रीजच्या दारात ठेवली होती. जुन्या पातळाचा चौकोनी तुकडा, आत तिच्या चुलीतली मूठभर राख आणि राखेत चाकवताचं बी, राईहूनही बारीक, काळं. नवऱ्याची बदली म्हैसूरला झाली त्या वर्षापासून दर दिवाळीला फराळाच्या डब्यातून कऱ्हाडहून ती यायचीच. चामराजपुरमच्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर मी ते बी कुंड्यांत पेरायचे आणि थंडीत ताकातला चाकवत करायचे. बी मात्र कधी धरलं नाही. कशाला धरू? पुढच्या वर्षी आई पाठवणारच होती. असली मी शहाणी!

मग आई गेली. धाकट्या भावाने तिच्या परड्यात गाडी लावायला फरशी घातली. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. तो गपचूप ऐकून घेतो, त्याचा मला आणखीच राग येतो. म्हणजे आईचा चाकवत आता कुठे उरला असेल तर माझ्या फ्रीजच्या दारात. पेरावा तर संपायची भीती, ठेवावा तर फुकट जायची. शेवटी मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर अर्धं बी पेरलं आणि अर्धं परत गाठ मारून ठेवलं.

दहा दिवस काही म्हणजे काही उगवलं नाही. मी दिवसातून चार वेळा गच्चीवर. नवरा म्हणाला, "अगं, तू अशी डोळे वटारून बघतेस, ते घाबरून बाहेर येत नसेल." संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. मग गल्लीत येणाऱ्या गाडीवाल्याकडून पोतंभर शेणखत घेतलं आणि कुंड्यांत वरून पसरलं. आठवड्यात सगळीकडे हिरवे ठिपके! मी गच्चीवरच फतकल मारून बसले आणि आईशी मोठ्याने बोलले. खरंच बोलले.

खाली घरमालकीण आजी राहतात. मराठीच, पण पाच-सहा पिढ्या म्हैसुरात मुरलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. रोपं वीतभर झाली तेव्हा त्या पापड वाळत घालायला वर आल्या, कुंडीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो, हे चकोता की ग!"

चकोता म्हणजे पपनस, एवढं कन्नड मला फळवाल्याने शिकवलं होतं. माझं टाळकंच फिरलं. "आजी, पपनसाचं झाड केवढं असतं! हा चाकवत आहे. माझ्या आईचा."

"ते चकोता हण्णु, फळ. हे चकोता सोप्पु, भाजी. मार्केटात ढिगानं येती. गोत्तिल्ला तुला, ठाऊक नाही?" मग मातीत बोट घालून त्या म्हणाल्या, "गोब्बरातनं आलंय बघ हे, शेणखतातनं. गाय खाती, बी तसंच बाहेर पडतं. आमच्या अंगणात न पेरता येतं की."

आजींचा राग आला, गाईचा आला, स्वतःचा तर आलाच. दुसऱ्या दिवशी मार्केटात गेले. ज्या ओळीतून मी चौदा वर्षं मेथी-कोथिंबीर घेऊन परत फिरत होते, तिथेच माठाच्या शेजारी चाकवताच्या जुड्या रचलेल्या. इतकी वर्षं मला त्या दिसल्या कशा नाहीत? की बघायच्याच नव्हत्या?

एक जुडी आणली. एका पातेल्यात मार्केटातला चाकवत, दुसऱ्यात कुंडीतला. तेच ताक, तीच हरभऱ्याची डाळ, तीच लसणाची फोडणी. नवऱ्याला चाखायला दिलं. "हा आईंचा," तो छातीठोकपणे म्हणाला. तो मार्केटातला होता. हसू की रडू कळेना. मग मी स्वतः चाखलं आणि मलाही ओळखता येईना. दोन्ही आईच्या चाकवतासारखे लागत होते आणि दोन्ही लागत नव्हते. तिच्या हातची चव मला आठवते, की आठवते असं मला नुसतं वाटतं? त्या दिवशी मी नीट जेवलेच नाही.

"उरलेलं बी धुतलेल्या वाळूत घालून बघ, सोक्षमोक्ष लागेल," नवरा म्हणाला. मी नाही घातलं. नाहीच उगवलं तर? कुंडीतला चाकवत मात्र पुन्हा खुडला नाही, बी धरू दिलं. कुणाचं बी, देव जाणे.

उन्हाळ्यात भावाचा फोन आला. "ताई, रागावणार नसलीस तर एक विचारू? आईच्या चाकवताचं बी आहे का ग तुझ्याकडे? गच्चीवर कुंड्या ठेवल्यात. ती फरशी घातली ते चुकलंच माझं." त्याचा तसा आवाज मी आई गेली त्या दिवशीच ऐकला होता. "आहे की, पाठवते," मी म्हणून गेले.

आणि मग दुपारभर दोन वाट्या पुढ्यात घेऊन बसले. एकीत पुरचुंडीतलं आईचं बी, कदाचित मेलेलं. दुसरीत कुंडीतलं, कदाचित आईचं नसलेलंच. दोन पुड्या कराव्यात? खरं काय ते चिठ्ठीत लिहावं? तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि तिन्ही फाडल्या. शेवटी दोन्हींतलं सगळं बी त्याच राखेत कालवलं आणि पातळाच्या त्याच तुकड्यात गाठ मारली.

यंदाच्या दिवाळीनंतर त्याने ते पेरलं. महिन्याभराने फोन आला, लहानपणी यायचा तसा ओरडतच. "ताई, आला ग! अगदी आईचाच!"

"पानामागे पांढरी भुकटी आहे का?"

"आहे ना!"

म्हैसूरच्या चकोत्याच्या पानामागेही ती असते.

"मग आईचाच," मी म्हटलं. "सगळा खुडू नकोस. बी धर आणि दिवाळीला मला पाठव. माझ्याकडचं होतं नव्हतं ते सगळं तुला दिलंय."