एकशे ऐंशी ग्रॅमचं ओगराळं

ओगराळं मोडलं ते काटेवाल्यानंच. आणि कशापायी, तर ओट्सच्या डब्याचं झाकण उघडेना म्हणून. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात चमचे, सुऱ्या, उलथनी अशी सगळी आयुधं हाताशी असताना पोषण आणि आरोग्यशास्त्राच्या या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं नेमकं ओगराळं उचललं, त्याचा दांडा झाकणाखाली घातला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. झाकण जागचं हललं नाही. दांडा मात्र कट्कन हातात आला.

"आता वजन कर त्याचं," मावशी म्हणाल्या. "दांडा किती, वाटी किती. लिही तुझ्या वहीत."

मावशी म्हणजे तिथल्या मुख्य स्वयंपाकीण. पहिल्या दिवशी हा पोरगा गळ्यात वजनकाट्याची पिशवी अडकवून दारात उभा राहिला, तेव्हाच त्यांनी त्याचं 'काटेवाला' असं बारसं करून टाकलं होतं. त्याचं खरं नाव विचारायची नंतर कुणाला गरजच वाटली नाही.

मावशींनी कपाटातून दुसरं ओगराळं काढलं, कपाटाच्या वहीत त्याची नोंद केली, आणि सूप वाढायला घेतलं. काटेवाला तोंड लपवत बाजूला झाला. त्यानं वहीत काहीच लिहिलं नाही.

तिथंच घोडं पेंड खायला लागलं होतं, पण ते कळायला महिना जायचा होता.

त्याचं काम असं: तिथले एकतीस म्हातारे-म्हाताऱ्या दिवसाकाठी किती खातात ते अठ्ठावीस दिवस मोजायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा. आधी तो प्रत्येकाचं ताट काट्यावर ठेवून मग पुढे सरकवायचा. दुसऱ्याच दिवशी आरडाओरडा झाला. सूप गार होत होतं आणि बारा नंबरच्या आजींनी 'आम्ही काय रद्दी आहोत का' असा जाहीर सवाल केला होता. मग मॅडमनी, म्हणजे त्याच्या मार्गदर्शक बाईंनी, तोड काढली. भरलेलं ओगराळं एकदा मोजायचं, मग कुणाला किती ओगराळी वाढली ते नुसतं लिहायचं, आणि ताटात उरलेलं तेवढं काट्यावर घ्यायचं. त्यानं मोजलं. एक ओगराळं, एकशे ऐंशी ग्रॅम. लाल शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

ते हे ओगराळं. दांडा मोडलेलं.

वर्गात बावीस मुली आणि हा एकटा. गावी वडिलांचं शिवणकामाचं दुकान. मुलगा नक्की काय शिकतो हे गिऱ्हाइकांना सांगताना वडिलांची दरवेळी दमछाक व्हायची. "लोकांनी काय खावं ते सांगतो," असं म्हटलं की समोरचा हमखास म्हणायचा, "मग ते तर आमची बायको फुकटात सांगते." पण आता वडिलांकडे उत्तर होतं. एका मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञाची जागा त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. अट एकच, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध जमा झाला पाहिजे. वडिलांनी तर सुटाचं कापडही बेतून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी तो वृद्धाश्रमात आला तो फक्त सिस्टरकडून वजनांचा तक्ता घ्यायला. शेवटच्या पानावर जोडायचा, की झालं. सिस्टर गोळ्या लावत बसल्या होत्या. तक्ता त्यांनी पुढे केला आणि त्याचं बोट चौदा नंबरवर येऊन अडलं.

चौदा नंबर म्हणजे कंडक्टर आजोबा. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, आणि आता जेवणघराच्या दारात उभं राहून सगळ्यांना 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हणायचे. त्रेपन्न किलोचे होते. तक्त्यात लिहिलं होतं, साडेपन्नास.

"सिस्टर, हा काटा बिघडलाय."

"माझं वजन अगदी बरोबर दाखवतो," सिस्टर म्हणाल्या. "दुर्दैवानं."

"पण आजोबा तर भरपूर खातात! माझ्या आकड्यांत..."

"तुझ्या आकड्यांत खातात म्हणूनच तर दूध बंद केलं ना त्यांचं." सिस्टरनी मान वर केली. "पहिल्या दोन आठवड्यांचा कागद तूच दिलास. चौदा नंबर, आहार पुरेसा, संध्याकाळच्या पावडरच्या दुधाची गरज नाही. खाली सही तुझी. मी आज डॉक्टरांना सांगते. सतराशे उष्मांक खाऊन माणूस वाळतो म्हणजे आतून काहीतरी पोखरतंय. तपासण्या कराव्या लागतील. सुया, नळ्या, सगळं."

काटेवाल्याचे कान गरम झाले. तो स्वयंपाकघराकडे निघाला. का निघाला हे त्यालाही सांगता आलं नसतं. मावशी लापशी वाढत होत्या आणि ओगराळं भराभर पातेल्यात बुडत होतं, वर येत होतं. बुडत होतं, वर येत होतं.

"मावशी, हे ओगराळं कधीपासून?"

"वा! तू पराक्रम केलास तेव्हापासून."

"द्या जरा."

"आता हेही मोडणार का?"

त्यानं ते धुतलं, काट्यावर वाडगा ठेवला, काटा शून्यावर आणला आणि ओगराळंभर लापशी ओतली. एकशे वीस. पुन्हा ओतली. एकशे एकोणीस. तिसऱ्यांदा ओतताना अर्धी लापशी ओट्यावर सांडली.

"अरे, भरल्या पोटी आलायस ना? चेहरा बघ तुझा," मावशी म्हणाल्या.

सहाव्या दिवसापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओगराळ्यामागे साठ ग्रॅम हवा त्यानं म्हाताऱ्यांच्या पोटात लिहिली होती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एकतीस माणसांच्या.

पण तारीख तर मावशींच्या वहीत होती! एकशे ऐंशीच्या जागी एकशे वीस धरायचे, आकडे पुन्हा मांडायचे, दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं. गुरुवार हुकणार नाही. त्याचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच मावशी म्हणाल्या, "छोटंच आहे ते. म्हणून मी कुणाला अडीच वाढते, कुणाला दोन. चेहरा बघून."

"आणि मी लिहायचो दोन?"

"मी 'दोन' म्हणायचे, तू लिहायचास. अर्ध्याचं काय ओरडून सांगायचं?"

संपलं. आता कुठल्याच भागाकारानं ते जुळणार नव्हतं.

बाहेरच्या ओसरीवर कंडक्टर आजोबा खुर्चीत बसले होते. पँट कमरेला सुतळीनं बांधलेली.

"काय काटेवाले, पास झालात का?"

"आजोबा, दूध बंद झालं तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कागदावर आलं म्हटल्यावर वाद कसला? मी जन्मभर लोकांना तेच सांगितलं. बोर्डावर लिहिलंय, वाचा." ते हसले. हसताना गालांत खड्डे पडले. ते महिन्यापूर्वी नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. वडील. मागून शिवणयंत्राची घरघर. "ऐक, बाह्या जरा लांब ठेवू का? इस्पितळात हात पुढे करून बोलावं लागतं. आणि गुरुवारचं पक्कं ना?"

ओगराळ्याचं अजून कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमना नाही, सिस्टरना नाही, मावशींना तर आपण काय बोलून गेलो याचाही पत्ता नव्हता. तक्त्याचं ते एक पान जोडलं नाही तर प्रबंध पुरा दिसत होता. गुरुवार सोडाच, एका तासात जमा करता आला असता. आणि आजोबांना सुया टोचल्या असत्या, नळ्या घातल्या असत्या, त्यांच्या आत नसलेलं काहीतरी शोधलं गेलं असतं.

"बाबा, मी नंतर करतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि आधी सिस्टरकडेच गेला. मॅडमकडे आधी गेलो तर वाटेत आपल्याला दहा सबबी सुचतील, इतकं तो स्वतःला ओळखून होता.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग गोळ्यांची डबी खाडकन मिटली. "पुरेसा म्हणून लिहिलं होतंस."

"हो."

"मी डॉक्टरांना फोन लावणार होते आत्ता."

"म्हणूनच आलो."

"जा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर उभा राहू नकोस थोडा वेळ." पण तो वळायच्या आतच त्यांनी चौदा नंबरच्या कागदावर 'दूध, संध्याकाळी' असं ठळक लिहिलं होतं.

मॅडमच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. त्यांनी आकडे पाहिले, वही पाहिली, दोन लाल रेघा पाहिल्या.

"ओगराळं बदललं त्या दिवशी लिहायला काय लागलं असतं? एक ओळ."

"मोडलं मी होतं, मॅडम. लाज वाटली."

"लाजेचं वजन किती भरलं, बघ." त्यांनी वही मिटली. "गुरुवार विसर. पुन्हा अठ्ठावीस दिवस. रोज सकाळी आधी ओगराळं मोजायचं, मग तोंड धुवायचं. इस्पितळाला मी पत्र देते, पण ते थांबतील असं समजू नकोस."

इस्पितळ थांबलं नाही. चौथ्या दिवशी त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. वडिलांना सांगितलं तेव्हा पलीकडची घरघर बंद पडली. मग ते म्हणाले, "किती महिने?"

"सहा. प्रबंध जमा करायची पुढची तारीख तेव्हाच आहे."

"तोवर अंगानं सुटू नकोस. मी शिवणीत जादा कापड दाबून ठेवत नाही."

सोमवारी तो पुन्हा पिशवी अडकवून हजर झाला. आजोबांना काय घडलं ते त्यानं स्वतःच सांगितलं, एका दमात, खाली बघत. आजोबांनी बोटांवर हिशोब केला.

"तेवीस."

"काय तेवीस?"

"पेले. बंद केल्यापासून परत सुरू होईपर्यंत. तेवीस पेले दूध तू मला देणं लागतोस."

"आजोबा, सिस्टर दिवसाला एकच देतात. जास्त दिलं तर तुमचं पोट बिघडेल."

"ते तुझं तू बघ. मला ते दूध आवडतही नाही, खडूसारखं लागतं. पण सुट्टे राहिले म्हणजे राहिले." त्यांनी त्याच्या हातातला नोंदींचा कागद ओढला, उलटा केला, खिशातून पेन्सिल काढली आणि गाडी हलत असल्यासारखे पाय फाकवून उभे राहिले. तिकिटामागे उरलेले सुट्टे लिहून द्यायचे तसं कागदाच्या पाठीवर '२३' लिहून त्याभोवती गोल काढला, आणि कागद त्याला परत दिला.

"उतरताना आठवण करायची. मागितल्याशिवाय मिळत नसतं."

"अहो, पण इथं देणारा मी आहे, घेणारे तुम्ही."

"मग जपून ठेव. हरवलं तर मी जबाबदार नाही," आजोबा म्हणाले, आणि जेवणघराकडे बघून ओरडले, "चला, पुढे सरका!"

त्या संध्याकाळी त्यांनी आपला एक पेला नाक मुरडत संपवला. काटेवाल्यानं कागद उलटा केला. संपवलेला पेला आजचा होता, मागचा नव्हे. आकडा तसाच होता.