इखोस म्हणजे नेमके कोण?

आमची मुलगी चितेगावच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिथं नवीन मशीन बसवायला स्पेनहून एक तरुण आला, आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरात जेवताना त्याचाच विषय निघायला लागला. तो भाकरी आवडीनं खातो, रिक्षावाल्याशी मोडक्या हिंदीत घासाघीस करतो, स्वभावानं अगदी साधा आहे. साधा आहे, हे ती जरा जास्तच वेळा सांगायची. मला शंका आली ती तिथंच.

त्यात बिडकीनहून माझे दीर आले. सगळं ऐकून त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"वहिनी, पोरगा चांगला असंल, मी नाय म्हणत नाय. पण तिकडं त्याची बायकापोरं नसतील कशावरून?"

ते माझ्या डोक्यातून जाईना. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेय, नव्या भाषेची मला भीती नाही. दुपारी हे आडवे झाले की मी मोबाइलवर स्पॅनिश शिकू लागले. मुलीला पत्ता लागू दिला नाही.

पहिलाच धडा कुटुंबाचा. पाद्रे म्हणजे वडील, माद्रे आई. इखो मुलगा, इखा मुलगी. एर्मानो भाऊ, एर्माना बहीण. शेवटी ओ आला की बहुतेक पुरुष, आ आला की बाई. हे मला काही पटेना. आपल्याकडं काका, मामा, दादा सगळे आकारान्त आणि मिशीवाले! अनेकवचन मात्र सोपं, शेवटी नुसता स लावायचा. इखोस मुलगे, इखास मुली. इथवर पोचले आणि मुलीनं त्याला रविवारी जेवायला बोलावलं.

मी वरणफळं केली. त्यानं मागून घेतली. जेवण झाल्यावर त्याच्या आईचा फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला. मी खिडकीशी ताटं पुसत उभी राहिले. तो इतका भरभर बोलत होता की मला काही उमगेना. मग एकदम दोन शब्द स्वच्छ ऐकू आले. "दोस इखोस."

दोन मुलगे.

तो आत येऊन बसायच्या आधीच मी इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला दोन मुलगे आहेत?"

"आई!" मुलगी ओरडलीच.

"मी कानानं ऐकलंय. दोस इखोस."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "ते तुमच्याबद्दल होतं. तुम्हाला दोन इखोस आहेत, असं आईला सांगत होतो."

"मला एकच मुलगा आहे. पुण्याला असतो."

"आणि ही?" त्यानं आमच्या मुलीकडं हात केला.

मग त्यानं समजावलं. मुलगा आणि मुलगी मिळून इखोसच होतात. मुली कितीही असोत, त्यांच्यात एक मुलगा आला की शब्द पुल्लिंगी. भाऊ-बहिणी मिळून एर्मानोस. आईवडील दोघं मिळून पाद्रेस.

"म्हणजे आई बापात बुडाली," मी म्हटलं. "आमच्याकडं मुलगे, मुली, आणि दोन्ही मिळून मुलं. नपुंसकलिंग. कुणी कुणात बुडत नाही."

हे हसले. मी हसले नाही. इतका सोयीचा खुलासा कुणीही करील. तो गेल्यावर मी पुढचा धडा उघडून पाहिला. खरं होतं. तरी मी शिकणं सोडलं नाही.

पुढं तो मुलीला उस्मानपुऱ्यात घरी सोडायला येऊ लागला. एका संध्याकाळी ती वर आली आणि तो खाली फाटकाशी फोनवर बोलत थांबला. मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. वाक्याच्या शेवटी आलं, "कासा दे मिस स्वेग्रोस." कासा म्हणजे घर, मिस म्हणजे माझे. स्वेग्रो सासरा, स्वेग्रा सासू, आणि दोघं मिळून स्वेग्रोस.

मी कपडे तसेच टाकून आत गेले.

"तो खाली कुणाला सांगतोय, सासुरवाडीला आलोय म्हणून?"

तिचा चेहराच उतरला. "आई, आम्ही सांगणारच होतो..."

मी खुर्चीत बसले. समुद्रापलीकडं सगळ्यांना ठाऊक, आणि मला ते दोरीवरचे कपडे काढताना कळावं, याचा राग आला. रडूही येत होतं. "वर बोलाव त्याला," म्हटलं.

तो आला, ह्यांच्यासमोर मान खाली घालून बसला.

"तुझ्या घरी मान्य आहे?"

"हो. पाद्रेसना."

"तो शब्द नको. तुझ्या आईला फोन लाव. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं व्हिडिओ कॉल लावला. माझ्याच वयाची, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई दिसली. ती किती तरी बोलली, मला त्यातला एकच शब्द कळला, इखा. मी तिला थांबवलं आणि विचारलं, इखा कोण?

तिनं पडद्यातून माझ्या खांद्यामागं उभ्या असलेल्या आमच्या मुलीकडं बोट दाखवलं.