मामाजींनी आधी घेऊन पाहिलेल्या गोळ्या

दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण निव्वळ मायेपोटी हा उद्योग करणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. ते माझे चुलत सासरे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणायची. आपण चाखल्याशिवाय घरातल्या कोणाच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता आणि घरातल्यांत ते बैलही धरत. सरकीची नवी ढेप आणली की आधी स्वतः खडा तोंडात टाकायचे, डोळे मिटून चघळायचे आणि मान हलली की मगच बैलांना मुभा. नवी नवरी म्हणून केनवडला आले तेव्हा हे पाहून, माहेरी आता काय सांगावं, या विचारानं मी घाबरलेच होते. पुढे सुनेच्या नव्या चपला चावतात का हे पाहायला त्यांनी पायाची चार बोटं कशीबशी आत कोंबून अंगणभर फेऱ्या मारल्या, तेव्हा माझी भीती गेली आणि चपलांचे अंगठेही गेले. चुलत सासूबाई म्हणायच्या, "यमराज आला तं हे त्याले बी म्हन्तीन, थांब, आंधी मी पाह्यतो जाऊन."

त्यांची एकुलती लेक कौशी माझ्याच वयाची. तिला मिरगी यायची, म्हणून लग्न अडलं होतं. बोलता बोलता डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचं आणि ती जिथे असेल तिथे कोसळायची. एरवी पोरगी म्हणजे घरातला बाजार. गावातल्या झाडून साऱ्यांच्या नकला करायची. ढेप चघळतानाचे मामाजी तर असे काढायची की पहिलं हसू मामाजींनाच फुटायचं. तिच्या इलाजातही त्यांचा नेम चुकला नाही. कोणी सांगितलं, फेपरं आलं की चप्पल हुंगवा. मामाजींनी आधी स्वतः हुंगली आणि म्हणाले, "यानं उभा मानूस पडन, पडलेला काय उठन!" एक भगत तिला निंबाच्या फोकानं झोडणार होता. मामाजींनी आधी आपली पाठ पुढे केली आणि दुसऱ्या फटक्यालाच फोक हिसकून भगताला शिवेपर्यंत पळवलं. ते दिवस आठवले की अजून हसू येतं, आणि मग ते हसू कुठे ठेवावं कळत नाही.

शेवटी वाशिमच्या डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनची गोळी सुरू केली. मिरगी थांबली, पण कौशीही थांबली. कणकेत हात तसेच ठेवून बसल्या जागी पेंगायची. नकला संपल्या. एकदा मला म्हणाली, "वयनी, मले सारं गोधडीतून आयकू आल्यावानी वाटते." मामाजींनी हे ऐकलं आणि पुन्हा वाशिमची बस धरली. डॉक्टर म्हणाले, फेनिटोइन म्हणून दुसरी गोळी आहे. झोप एवढी येत नाही, पण सुरुवातीला तोल जातो, पुढे कोणाकोणाच्या हिरड्याही सुजतात. तीच हवी असेल तर काही दिवस दोन्ही द्या आणि जुनी हळूहळू कमी करा. जुनी एकदम तोडू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मामाजींनी घरी येऊन दोन्ही गोळ्या आधी स्वतः सुरू केल्या. जुनीनं ते चालत्या वखरावर झोपले. बैल शहाणे, म्हणून शेताच्या कडेला, धुऱ्याशी थांबले. नवीनं असे झुलत चालले की म्हातारपणी दारू धरली म्हणून गावात बोभाटा झाला. दोन्ही एकत्र घेतल्या त्या दिवशी सरळ गव्हाणीत आडवे. आम्ही पोट धरून हसलो, पेंगुळलेली कौशीसुद्धा हसली. मग त्यांनी जुनी गोळी एका दिवसात सोडून दिली, चार दिवस वाट पाहिली आणि निकाल दिला, "दोन्ही संगं देल्ल्या तं पोरगी पडन. मी पडलो ना! जुनी एकदम सोडली तं काहीच होत नाही. मी सोडली, पाह्य, उभा हावो का नाही?"

त्यांना मिरगी नव्हती. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

कौशीची जुनी गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि नव्या गोळीवर ती दोन दिवस जागी झाली. खरोखर जागी. भगताची नक्कल केली, माझी केली, विहिरीवर बायकांना हसवून हसवून त्यांच्या घागरी सांडल्या. मामाजी ओसरीवर बसून नुसते तिच्याकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, मले कसंतरीच होऊन राह्यलं. हात थरथरते."

"नव्या गोळीनं मले बी दोन दिस तसंच झालतं वो माय. निंगून जाते."

दुपारी एक झटका आला. तो सरतो न सरतो तोच दुसरा, मग मोजदाद राहिली नाही. बैलगाडीत घालून सडकेकडे निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बस यायच्या आधीच ती गेली.

त्यानंतर मामाजींनी चाखणं सोडलं. ढेप गव्हाणीत टाकून ते वळायचे. बैल मात्र कितीतरी दिवस तोंड न लावता त्यांच्याकडे पाहत उभे राहायचे. मला त्या बैलांकडे बघवत नसे. मामाजींवर रागवायचं मी पुष्कळदा ठरवलं. जमलं नाही.

काही वर्षांनी माझी लेक तापानं फणफणली. मी औषधाचा चमचा भरला आणि जुन्या सवयीनं मामाजींपुढे धरला. "घ्या मामाजी, आधी तुम्ही."

त्यांनी माझा हात हळूच लेकीकडे वळवला. म्हणाले, "मले घेऊन काय समजते? तिले इचार." मग औषध पोटात जाऊन बराच वेळ झाला तरी तिच्या उशाशी बसून राहिले आणि अगदी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणाले, "कसं वाटते वो माय? सांग मले."

"डोकं गरगरते आजोबा," ती म्हणाली.

मामाजी उठले, धोतर सावरलं आणि डॉक्टरांना सांगायला निघाले. बस निघून गेली होती. मग ते पायीच निघाले.