माहेरच्या नावानं

दुष्काळाच्या साली आमच्या गावच्या बायांना पोलिसांनी गाडीत घालून नेलं. त्यांत माझ्या सासूबाई होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

सगळं गाव तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होतं. गडी खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. पण कामावर प्यायला पाणी नव्हतं. उन्हात माती उपसून घसा कोरडा पडला की बाया खालच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पदरानं गाळून प्यायच्या. लेकरांना जुलाब सुरू झाले. सांगून सांगून थकल्यावर एके सकाळी आसपासच्या गावांतल्या बाया रिकाम्या घागरी डोक्यावर घेऊन तालुक्याला चालत गेल्या आणि कचेरीसमोरच्या रस्त्यावर बसल्या. आत्याबाई पुढं होत्या. मी गेले नव्हते, कारण त्या दिवशी गावात टँकर यायचा होता आणि घरातलं कुणीतरी रांगेत उभं राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळताना, एक बाई एकटीच परत आली. अंगावरचं पोर होतं म्हणून तिला सोडून दिलं होतं. ती म्हणाली, "रस्ता सोडा म्हनले, आमी न्हाई उठलो. मग गाडीत भरल्या सगळ्या. कुटं नेल्या, काई ठावं न्हाई."

घरात आम्ही दोघंच, मी आणि मामंजी. माझे मालक बैलं घेऊन देवळाली प्रवरेकडे गेले होते. तिकडे ऊस होता, उसाच्या वाढ्यांवर जनावरं तगायची. लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं, पण मामंजींशी मी एकदाही समोरासमोर बोलले नव्हते. आमच्यात तशी रीतच नव्हती. जेवायला वाढलं की मी शेळीकडं बघून म्हणायची, "शेळे, भाकरी झाल्या बरं." मामंजीही शेळीलाच उत्तर द्यायचे. बाकीचं सगळं आत्याबाई इकडून तिकडं पोचवायच्या. आता पोचवणारं कुणी उरलं नव्हतं.

मामंजी बराच वेळ ओट्यावर बसून होते. मग मला पाठमोरे राहूनच म्हणाले, "सकाळच्या येष्टीनं जाऊ. कचेरीतलं बोलनं मला एकट्याला उमगायचं न्हाई. तू साळा शिकलीयास."

मी सातवी पास होते. गावातल्या सुनांमध्ये तेवढंच पुष्कळ होतं.

पहाटे उठून मी लाल मिलोच्या भाकरी थापल्या. तेव्हा रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच मिळायची. आत्याबाईंचं धुतलेलं लुगडं गाठोड्यात बांधत होते, तर चुलीपुढं मामंजी येऊन बसले. तव्यावर तंबाखू टाकून ती भाजायला लागले. आत्याबाईंना सकाळी मिश्री लावल्याशिवाय चालायचं नाही. पण पुरुषमाणसानं बायकोसाठी मिश्री भाजलेली मी कधी पाहिली नव्हती. धुरानं त्यांना ठसका लागला. तंबाखू काळी झाल्यावर त्यांनी ती तळहातावर चोळली, वास घेतला आणि पुरचुंडी बांधून माझ्या पुढ्यात सरकवली. मी ती भाकरींच्या वर ठेवली.

तालुक्याच्या पोलीस चौकीत सांगितलं की बायांना ठेवायला इथं सोय नाही, त्यांना नगरला धाडलंय. आम्ही पुन्हा एसटीत बसलो. मामंजींनी मला खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः पलीकडच्या बाकावर बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांची रानं उघडी पडलेली, कुठं हिरवं पान दिसत नव्हतं. मामंजी सारखे बसच्या दारातून बाहेर बघत होते, जणू रस्त्यानं कुणी चालत येताना दिसणार होतं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत तुरुंगापाशी पोचलो. मोठ्या दाराला एक छोटं दार आणि त्याच्याजवळ टेबल टाकून बसलेला शिपाई. माणूस वयस्क होता, बोलायला वाईट नव्हता.

"कुणाला भेटायचंय?"

मामंजी म्हणाले, "मंडळीला."

"नाव सांगा की बाबा."

मामंजींनी आत्याबाईंना कधी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. 'अगं' म्हटलं की त्या ओ द्यायच्या. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि बायकोचं नाव सांगितलं. पुढं स्वतःचं नाव, मग आडनाव. इतक्या हळू, की शिपायाला पुन्हा विचारावं लागलं.

शिपायानं आत जाऊन विचारून आणलं. "या नावाची बाई नाही इथं."

"परवाच्या बाया, कचेरीसमोर बसलेल्या—"

"त्या आहेत. पण ही नाही त्यांच्यात. कोर्टात बघा, नाहीतर सरकारी दवाखान्यात."

आम्ही कोर्टात गेलो. तिथं एका कारकुनानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. मग दवाखान्यात. बायांच्या खोलीच्या दारातून मी आत डोकावून प्रत्येक खाट बघितली. एका खाटेवर पांढऱ्या केसांची बाई तोंड फिरवून निजली होती. पुढं जाऊन बघितलं, तर ती दुसरीच कुणी होती. बाहेर आले तेव्हा मामंजी भिंतीला धरून उभे होते. मी नाही म्हणून मान हलवली तसे ते खालीच बसले.

उन्हं कलली होती. तुरुंगाच्या रस्त्यावर परत येऊन आम्ही एका चिंचेखाली बसलो. भाकरी सोडायचं मन दोघांनाही झालं नाही. मामंजी बोलायला लागले, तेही जमिनीकडं बघून.

"तिला कोंडल्या जागी दम लागतो. लगीन झालं तवापासून बघतोय. थंडीत बी अंगनात निजती. मी आत, ती भाईर. लोकं हसायची मला. आता कुटं कोंडली आसंल तिला? आन काई झालं आसंल तर हे सांगत्याल का आपल्याला?"

मी त्यांना इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. आत्याबाई अंगणात निजतात त्या उकाड्यापायी, असंच मी समजत होते.

आत्याबाई पोलिसांसमोर कशा उभ्या राहिल्या असतील, हे मी मनात आणायला लागले. पोलीस विचारणार, नाव काय? मग विचारणार, नवऱ्याचं नाव काय? आणि तिथं मला उमगलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेईल, हळदीकुंकवाला घेईल, पण पोलिसापुढं? आत्याबाई तर मेल्या तरी घेणार नाहीत.

मी पदर सावरला. शेळी नव्हती, निरोप पोचवायला आत्याबाई नव्हत्या. मी सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाले, "मामंजी, आत्याबाईंनी तुमचं नाव घेतलंच नसंल."

त्यांनी चमकून वर बघितलं. एक सून समोर बघून बोलते आहे याचं नवल, की बोललेल्या गोष्टीचं, कोण जाणे. मग ते उठले आणि ताडताड चालायला लागले. मला पळावं लागलं.

शिपायापाशी जाऊन मीच बोलले. "दादा, त्यांच्या माहेरच्या नावानं बघता का?"

"काय नाव माहेरचं?"

मी मामंजींकडं बघितलं. लग्नात आत्याबाईंचं नाव बदललं होतं, आधीचं मला ठाऊक नव्हतं. मामंजींनी ते सांगितलं. लहान मुलीचं असावं तसं गोड, आखूड नाव होतं. पाठोपाठ आपल्या सासऱ्यांचं नाव, त्यांचं गाव. या वेळी शिपायाला पुन्हा विचारावं लागलं नाही.

"आहे," तो आतून येत म्हणाला. "बसा. बोलावतो."

जाळीच्या पलीकडं आत्याबाई आल्या. लुगडं मळलं होतं, पण कुंकू ठसठशीत होतं. आम्हाला बघून त्यांचे डोळे भरले, पण पहिलं त्या मलाच बोलल्या. "टँकर आल्ता का? भरलं का पानी?"

"भरलं, आत्याबाई."

मामंजी जाळीला अगदी लागून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "दार लावत्यात का राती?"

"लावत्यात." आत्याबाई थांबल्या. "पयल्या राती लई जीव घाबरला. मग बायांनी मला झरोक्याखालची जागा दिली. तितनं आभाळ दिसतंय. एकजन हात धरून बसती, झोप लागंस्तवर."

मामंजींनी मान खाली घातली. मी विषय बदलायला म्हणाले, "तुमी नाव काय सांगितलंत हो? सगळं नगर पालथं घातलं आमी."

आत्याबाई पदरात हसल्या. "पोलीस म्हनला, नवऱ्याचं नाव सांग. म्या म्हनलं, घेत न्हाई. तो म्हनला, मग बापाचं सांग. म्या म्हनलं, बापाचंच सांगायचं तर आर्धं कशापायी, सगळंच माहेरचं लिवा. आन माझं बघून समद्या बायांनी तसंच सांगितलं."

मिश्रीची पुरचुंडी शिपायानं उघडून बघितली, वास घेतला आणि हसत आत दिली. आत्याबाईंनी चिमूट घेऊन दाताला लावली. "जास्त भाजलीय," त्या म्हणाल्या. "म्या भाजली," मामंजी म्हणाले. त्यावर त्यांनी पुरचुंडी कमरेला खोचून ठेवली.

मामंजींनी जामिनाचं काढलं. त्या ऐकेनात. आत एक तरणी विधवा होती, तिला सोडवायला येणारं कुणी नव्हतं. "तीच माझा हात धरून बसती," आत्याबाई म्हणाल्या. "तिला मागं ठिवून म्या घरी येऊन निजू? निगालो संगं, येऊ बी संगं."

मला वाटलं मामंजी संतापतील. ते जाळीची तार बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "बरं. आमी येत जाऊ."

निघायच्या आधी आत्याबाईंनी एकेका बाईला जाळीपाशी बोलावलं आणि घरचा निरोप माझ्याजवळ द्यायला लावला. धाकट्याला ताकात कालवून घाला. म्हशीच्या पायाला तेल लावा. आईला सांगू नका, तिला सोसायचं नाही. एसटीत मी ते सारे निरोप मनात घोळवत आले, एखादा निसटू नये म्हणून. मधेच एखादा अडला की मामंजी पलीकडच्या बाकावरून आठवण करून द्यायचे. त्यांनीही सगळे ऐकून ठेवले होते.

पुढचे दिवस आम्ही त्या गावांतून चाललो. त्या घरांतले लोकही आमच्यासारखेच नगरहून हात हलवत परत आलेले. एक म्हातारा तर बायको गेलीच असं धरून बसला होता. मामंजी दारात उभे राहून सांगायचे, "हाय, जित्ती हाय, चांगली हाय. माहेरच्या नावानं इचारा." आणि मग मला पुढं करायचे, "निरोप ही सांगंल." त्या म्हाताऱ्याला स्वतःच्या बायकोचं माहेरचं नाव आठवेना. घरातल्या सुना, लेकी, शेजारणी, सगळ्यांनी मिळून ते शोधून काढलं, तेव्हा तो रडता रडता हसला.

भेटीच्या दिवशी मग आम्ही एकाच एसटीनं जायला लागलो, सगळ्या घरांतली माणसं. ज्याच्या घरी जे असेल ते एकत्र बांधायचं आणि आत सगळ्यांना मिळून द्यायचं. विधवा बाईचं नाव मामंजी आमच्याच नावाबरोबर सांगायचे. नगरच्या एका वकिलानं हे ऐकलं आणि आपणहून सगळ्या बायांचं काम हाती घेतलं. पुढं कोर्टातल्या साहेबांनी बायांना समज देऊन एकदम सोडलं.

त्या सगळ्या छोट्या दारातून एकामागून एक वाकून बाहेर आल्या. आत्याबाई सगळ्यात शेवटी, त्या तरण्या बाईला पुढं घालून. तिला सासर नव्हतं, माहेरी कुणी नव्हतं. "हिला न्यायची आपल्याकडं," आत्याबाई म्हणाल्या. विचारत नव्हत्या. मामंजींनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चल लेकी."

ती आमच्याकडं राहिली, मामंजींनीच तिचं दुसरं लग्न लावून दिलं तोवर. कामावर पाण्याची पिंपं आम्ही परतायच्या आधीच आली होती. सुटल्या त्या दिवशी आत्याबाईंनी घरी न जाता आधी तिकडं जाऊन पिंपात हात घालून बघितलं, त्या ओंजळभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड हाय." मग आम्ही चौघं घरी गेलो.