सदतीस पाने

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. बाभुळगावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण तीन पत्ती खेळत होतो. पाने मी वाटली होती. शेवटी माझ्या बायकोचा थोरला भाऊ आणि तांड्यावरचा एक कास्तकार, एवढे दोघेच डावात उरले. मेहुण्याने तीन राजे दाखवले, लगेच ते इतरांच्या टाकलेल्या पानांत मिसळले आणि मधले बावीस रुपये ओढून घेतले.

कास्तकार हळूच मला म्हणाला, "भाऊ, याईले चार पानं गेल्यावानी वाटते मले."

"हारला का पानं मोजते काय बे?" मेहुणा हसला.

"तुमाले नाही म्हणून राह्यलो. वाटणाऱ्याले म्हणून राह्यलो."

वाटणाऱ्याची चूक निघाली तर ज्याचे पैसे त्याला परत, असा आमचा नियम होता. पाच जणांना पंधरा पाने गेली की सदतीस उरायला हवीत. मी न वाटलेली पाने मोजली. छत्तीस भरली. पुन्हा मोजली, तरी छत्तीसच. मेहुणा माझ्याकडे पाहत होता. खरे सांगितले असते तर माझी चूक उघडी पडली असती आणि त्याची लबाडीही.

"सदतीस," मी म्हणालो.

"तुमी मोजले ना, मंग बरोबरच असन," कास्तकार म्हणाला. त्याने सगळी पाने गोळा केली आणि पुढच्या डावासाठी माझ्याच पुढे सरकवली. मी ती पिसली, पण वाटायला शेजाऱ्याकडे दिली.