इथेनॉलच्या नावावर खपवलेला पाईप

परळच्या ज्या गल्लीत माझं गॅरेज आहे, तिथे हल्ली कुणाचंही काहीही बिघडलं की दोष पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचा. गाडी सकाळी स्टार्ट होत नाही? इथेनॉल. बॅटरी चार वर्षं बदललेली नाही, हे सांगायचं नाही. क्लच जळला? इथेनॉल. अरे बाबा, क्लचचा आणि पेट्रोलचा संबंध काय! पण ऐकतो कोण. उद्या बायको रुसून माहेरी गेली तरी हे लोक टाकीत वाकून बघतील.

मी पस्तीस वर्षं गाड्या उघडतोय. बाप गिरणीत फिटर होता, तेव्हा हात काळे करायची घरात परंपराच. त्यामुळे माझं मत मी ठणकावून सांगतो. इथेनॉल म्हणजे उसाची नाहीतर धान्याची दारू. तिच्यात पेट्रोलएवढी ताकद नाही, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं, पडणारच. पण चढावर इंजिन ठोकत नाही, म्हणजे खडखडत नाही, धूर स्वच्छ, आणि बाहेरून आणायचं तेल तेवढंच कमी. तोटे म्हणाल तर ती पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि जुनं रबर खाते, म्हणून नळ्या वेळेवर बदला. झालं, एवढंच. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला दिवसातून दहादा ऐकवायचो. माझ्या स्वतःच्या कानात मात्र त्यातलं काही शिरलं नव्हतं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक बाई आहेत. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. चौथीत मी त्यांच्या वर्गात होतो आणि त्यांच्या हातचा मारही खाल्लाय. आता सत्तरी उलटलीय, गिरगावात एकट्या राहतात, मुलगा परदेशात. नवरा गेल्यावर, साठीला टेकताना, त्या गाडी शिकल्या. चालवतात एकदम झकास. हॉर्न कमी, शिस्त जास्त. त्यांची धाकटी बहीण प्रभादेवीला अंथरुणाला खिळून आहे. ती दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही. बाईंच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही. म्हणून रोज सकाळी मऊभाताचा डबा, गाडी आणि बाई, असा कार्यक्रम ठरलेला.

गेल्या वर्षी त्या सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा आपणहूनच म्हणाल्या, "पेट्रोलच्या नळ्या बदल रे. पेपरात आलंय." मी म्हटलं, "बाई, तुम्ही निर्धास्त राहा." आणि माळ्यावर चढलो.

आमच्या लायनीत एक श्रद्धा आहे. जुना माल म्हणजे सोनं, हल्लीच्या मालात राम नाही. ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्टच्या बाजारातलं एक जुनं दुकान बंद झालं तेव्हा तिथला रबरी पाईप मी भेंडोळंच्या भेंडोळं उचलून आणला होता. जाडजूड, सीलबंद, हाताला कसा गार लागायचा! असा माल मी ऐऱ्यागैऱ्याला घालत नसे. बाईंच्या गाडीत घातला तो अगदी प्रेमाने.

काही महिन्यांनी दुपारी त्यांचा फोन आला. बहिणीला तपासणीला नेऊन परत आणत होत्या, प्रभादेवीच्या सिग्नलला पेट्रोलचा भपकारा आला. बाईंनी तिथेच इंजिन बंद केलं, रस्त्यावरच्या दोघांना हाका मारल्या आणि बहिणीला उचलून एका दुकानातल्या खुर्चीवर बसवलं. मी स्कूटर मारत पोचलो. बॉनेट उघडलं तर आत सगळं पेट्रोलने ओलं. एक ठिणगी पुरली असती.

"काय झालं रे?" बाईंनी विचारलं.

आणि मी, रोज लोकांची टर उडवणारा मी, पटकन बोलून गेलो, "बाई, हे नवं पेट्रोल. इथेनॉल. तुमच्या गाडीला आता झेपत नाही."

गाडी ओढून गॅरेजात आणली, पाईप काढला. माझाच. चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगलेला, दाबला की चिरायचा. शेजारचा, आधी कधीतरी बदललेला कंपनीचा नवीन प्रकारचा तुकडा ठणठणीत कोरडा होता. म्हणजे रबर जाड असून भागत नाही, ते या पेट्रोलसाठी केलेलं लागतं, आणि माझं सोनं त्याच्या कितीतरी आधीचं. मी मुकाट्याने योग्य पाईप आणून बसवला आणि तो फुगलेला टायरांच्या मागे फेकला. दोन दिवस कुणाला काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी बाई टॅक्सीने आल्या. गुडघा धरून स्टुलावर बसल्या.

"गाडीला गिऱ्हाईक बघ," म्हणाल्या. "मुलगा कधीचा मागे लागलाय. मी त्याला दाद देत नव्हते. पण तूच म्हणालास झेपत नाही. तुझ्याहून जास्त कुणाला कळणार?"

"आणि बहिणीचं जेवण?"

"एक मुलगी ठेवलीय. दोन दिवस तिच्या हातचं काही खाल्लं नाही. खाईल हळूहळू. भूक लागली की खाईल."

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठलो, टायर बाजूला केले आणि तो पाईप त्यांच्यासमोर ठेवला.

"बाई, गाडीला काही झालेलं नाही. पेट्रोलचाही दोष नाही. हा पाईप मी घातला, माळ्यावरचा जुना. मला त्याच दिवशी कळलं होतं."

त्यांनी पाईप उचलला, अंगठ्याने दाबला. बोट काळं झालं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"दोन दिवस गप्प राहिलास?"

"हो."

"ती मागच्या सीटवर होती रे. तिला स्वतःच्या हाताने दारही उघडता येत नाही."

लाज वाटली, साफ लाज. चौथीतल्यासारखी एक सणसणीत ठेवून दिली असती तर सुटलो असतो. पण त्या ओरडल्या नाहीत. मला वाटलं, आता चावी मागतील, जातील, पुन्हा या गल्लीत पाऊल टाकणार नाहीत. तेही झालं नाही. त्यांनी पर्समधून पेन आणि औषधाची जुनी चिठ्ठी काढली, तिची कोरी बाजू वर केली.

"हा आणखी कुणाकुणाच्या गाडीत घातलायस?"

दोन दिवस मी फक्त बाई काय म्हणतील याचा विचार करत होतो. हा प्रश्न मला शिवलाच नव्हता.

आठवून आठवून सांगत गेलो. लालबागचा केटरर. दादरचे डॉक्टर. आमच्याच गल्लीतला मसालेवाला. बाई लिहीत गेल्या, त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात. आठ गाड्या निघाल्या.

"लाव फोन."

"काय सांगू, बाई?"

"मला सांगितलंस तेच. आधी कुणाला करायचा ते ठरव."

ठरवायला काही नव्हतंच. आठांतले एक जण रोज आपल्या दोन मुलींना त्याच गाडीने शाळेतून घरी आणतात, आणि शाळा सुटायचीच वेळ होती. रिंग वाजली, वाजत राहिली. मग त्यांनी उचलला. मागे मुलींचं काहीतरी भांडण चाललं होतं.

"बोला शेठ. गाडी चालवतोय, घरी जाऊन करू का?"

"नको!" मी ओरडलो. "आधी गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. आणि पोरींना खाली उतरवा!"